हृदयरोगतज्ज्ञाची निवड : घाई नको, दिरंगाईही नको

कुंभोजजवळच्या बाहुबली डोंगरावर वर्षातून एकदा जायचे, हा अक्कांचा जुना नेम. वय ६१, मधुमेह १२ वर्षांचा, तरीही गेल्या वर्षीपर्यंत त्या पायऱ्या न थांबता चढत. या खेपेस मात्र वाटेत त्या तीनदा बसल्या. छातीत कळ नव्हती. केवळ दम लागत होता आणि जबडा जड झाल्यासारखा वाटत होता. थोडे बसले की बरे वाटे. घरच्यांनी कारणे शोधली : वय झाले, वजन वाढले, पित्त झाले असेल. अक्कांनीही ती मान्य केली. घरातील स्त्रीचे दुखणे घरकामाच्या रांगेत शेवटी उभे राहते, ही आपल्याकडची रीत. चार महिने असेच गेले.

छातीत डावीकडे असह्य कळ आली तरच तो हृदयविकार, अशी समजूत घरोघरी आहे. प्रत्यक्षात स्त्रियांमध्ये आणि मधुमेही रुग्णांमध्ये तो पुष्कळदा दम, थकवा, मळमळ, जबडा, पाठ वा हात जड होणे अशा रूपांनी प्रकट होतो. श्रमाने सुरू होणारा आणि विश्रांतीने थांबणारा त्रास ही त्याची महत्त्वाची खूण. अशा वेळी तज्ज्ञ शोधण्यास काही दिवसांची सवड असते, महिन्यांची नसते. मात्र बसल्या जागी छातीवर दाब आला, घाम फुटला आणि काही मिनिटांत त्रास थांबला नाही, तर नामांकित डॉक्टर कोण याची चर्चा करू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि हृदयविकाराची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठावे. त्या प्रसंगी जाणारे प्रत्येक मिनिट हृदयाच्या स्नायूचे नुकसान करीत असते.

अक्कांच्या घरी तज्ज्ञाच्या निवडीवरून दोन पक्ष पडले. पुण्यातील धाकट्या मुलास मोठ्या शहरातील मोठे रुग्णालय हवे होते; थोरल्याच्या मते मिरज-सांगलीस न्यावे. वाद मिटविला तो ३० वर्षे घरचे औषधपाणी पाहणाऱ्या कौटुंबिक डॉक्टरांनी. ते म्हणाले, “तपासणी एकदा होते, अण्णा, पण पाठपुरावा वर्षानुवर्षे करावा लागतो. रात्री दोन वाजता गरज पडली तर तासाभरात पोहोचता येईल, असा तज्ज्ञ आधी पाहा.” सांगलीतील एका हृदयरोगतज्ज्ञांच्या नावे त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

निवड करताना पदव्यांचा अर्थ ठाऊक असावा. एम.बी.बी.एस.नंतर मेडिसिन विषयात एम.डी. झालेले डॉक्टर हे फिजिशियन. त्यापुढे कार्डिऑलॉजीत तीन वर्षांची डी.एम. किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची समकक्ष पदवी घेतलेले ते हृदयरोगतज्ज्ञ. बायपास करणारे हृदयशल्यविशारद निराळे. त्यांचा मार्ग शल्यशास्त्रातून जातो. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते आणि ती पाहता येते. बँक कर्ज देण्यापूर्वी कागद पडताळते, त्यात कोणाचा अपमान नसतो, येथेही नाही. अतिदक्षता विभाग आणि कॅथलॅब चोवीस तास चालू असते का, हेही विचारून ठेवावे.

भेटीच्या आदल्या रात्री सूनबाईंनी एक फाईल लावली : जुने अहवाल तारखेनुसार, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, रक्तदाब व साखरेच्या नोंदी, औषधाची कोणतीही ॲलर्जी असल्यास तिचा उल्लेख आणि अक्कांचे वडील ५२व्या वर्षी हृदयविकाराने गेल्याची नोंद. शेवटच्या कागदावर प्रश्न लिहिले होते. दवाखान्यातील मोजक्या मिनिटांत निम्मे प्रश्न विसरतात. कागद विसरत नाही.

डॉक्टरांनी विचारले, “काय त्रास होतो?” उत्तर थोरल्या मुलाने दिले, “तसे विशेष नाही, थोडा दम लागतो.” डॉक्टरांनी खुर्ची अक्कांकडे वळविली. “अक्का, तुम्ही सांगा.” क्षणभर थांबून अक्का म्हणाल्या, “आता घरच्या जिन्यावरही सातव्या पायरीला थांबावं लागतं. चार महिने झाले.” घरातल्या कोणासही हे ठाऊक नव्हते.

ईसीजी निर्दोष निघाला आणि मुलाने सुटकेचा निःश्वास सोडला. डॉक्टरांनी समजावले, की ईसीजी हा त्या क्षणाचा लेखा आहे. स्वस्थ पडलेल्या रुग्णाचा ईसीजी चांगला आला म्हणून धमन्या मोकळ्या आहेत असे सिद्ध होत नाही. टू-डी एकोत हृदयाची रक्त ढकलण्याची शक्ती चांगली दिसली. परंतु पट्ट्यावर चालविताना घेतलेल्या स्ट्रेस टेस्टमध्ये दोष उघड झाला. पुढे मनगटातून केलेल्या अँजिओग्राफीत एका मुख्य धमनीत मोठा अडथळा आढळला आणि स्टेंट बसवावा लागला.

येथे खर्चाचा प्रश्न येतो. स्टेंटच्या कमाल किमती २०१७ पासून सरकारने ठरवून दिल्या आहेत. मात्र एकूण बिल हे स्टेंटच्या किमतीहून बरेच अधिक असते. म्हणून लेखी अंदाजपत्रक मागावे आणि विमा असल्यास रोकडरहित सोय आधीच विचारावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. रुग्णालय त्या योजनेत आहे का, हे दाखल होण्यापूर्वी पाहावे. तातडी नसेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात संकोच बाळगू नये.

घरी सोडण्याच्या दिवशी अक्कांनी फाईलमधील कागद मागून घेतला. त्यांचा स्वतःचा प्रश्न त्यावर नव्हता. “पर्युषणात माझे उपवास असतात. सूर्यास्तानंतर मी पाणीही घेत नाही. गोळ्यांचं काय करू?” डॉक्टर म्हणाले, “आज विचारलंत हे उत्तम. न विचारता गोळ्या थांबवल्या असत्या, तर स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊन जिवावर बेतलं असतं.” रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, असे त्यांनी बजावले. रात्रीच्या गोळ्यांची वेळ सूर्यास्तापूर्वीची करून दिली. मधुमेहाच्या औषधांमुळे उपाशीपोटी साखर घसरण्याचा धोका असल्याने, या वर्षी निर्जळ उपवास नको असेही सांगितले.

व्रत आणि औषध यांत निवड करण्याची वेळ बहुधा येत नाही. वेळ येते ती विचारण्याची. पण देवाधर्माचे डॉक्टरांना काय सांगायचे, या संकोचाने पुष्कळ रुग्ण गप्प राहतात आणि गोळ्या परस्पर बंद करतात. अक्का गप्प राहिल्या नाहीत.

घरी परतल्यावर थोरल्या मुलाने आईच्या गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरात लावल्या. आता अक्का जिना चढू लागल्या, की तो खालीच उभा राहतो आणि मनात पायऱ्या मोजतो. सातवी पायरी येते आणि मागे पडते.