गहाण वावर आणि विलायतेचं तिकीट

अमरावतीहून अकोल्याला जाणारा रस्ता जेमतेम शंभर किलोमीटरचा. जून २०२२ मध्ये याच महामार्गाच्या एका मार्गिकेवर १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबर पडलं आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. या रस्त्याच्या दोन टोकांना दोन विद्यापीठं आहेत. अमरावतीचं विद्यापीठ संत गाडगे बाबांच्या नावाचं, अकोल्याचं कृषी विद्यापीठ डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं. एकाने कधी शाळेचं तोंड पाहिलं नाही. दुसऱ्याने एडिंबरा आणि ऑक्सफर्ड पालथं घातलं. दोघेही अमरावती जिल्ह्यातले, वयात अंतर बावीस वर्षांचं.

आज वऱ्हाडातल्या पुष्कळ घरांत दिवाळी ते उन्हाळा या दिवसांत एक प्रश्न जेवताना निघतोच. कापसाचा चुकारा हाती आलेला असतो, नाहीतर नोकरीतल्या थकबाकीची रक्कम खात्यात पडलेली असते. शेजारचं कुटुंब दुबई पाहून आलेलं असतं. मुलांच्या शाळेचं पुढच्या वर्षाचं शुल्कपत्रकही त्याच सुमारास घरी येतं. जावं की साठवावं?

दहा वर्षांपूर्वी हा प्रश्न मोजक्याच घरांत निघायचा. आता परदेश खरोखरच जवळ आला आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली. नागपूरहून शारजा आणि दोहाला थेट विमानं सुटू लागल्याला तर बरीच वर्षं झाली. टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रं उघडल्यामुळे नागपूरच्या खेपा कमी झाल्या. नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीय पर्यटकांना व्हिसाची अट काढून टाकली. वाट सोपी झाली, तशी मनाची ओढही वाढली. त्यात गैर काही नाही. ज्या माणसाने आयुष्यभर वावर आणि बाजार समिती एवढंच पाहिलं, त्याला समुद्रापलीकडचं शहर एकदा डोळ्यांनी पाहावंसं वाटणं ही चैन म्हणून मोडीत काढण्याची गोष्ट नाही.

मात्र या प्रश्नाचा विचार वऱ्हाडने शंभर वर्षांपूर्वीच केलेला आहे, आणि तोही दोन अगदी वेगळ्या घरांत.

पहिलं घर पापळचं. पंजाबरावांचा जन्म इथे २७ डिसेंबर १८९८ रोजी झाला. गावातली शाळा संपली तेव्हा पुढच्या इयत्तांसाठी गाव सोडावं लागलं. चांदूर रेल्वे, कारंजा, मग अमरावतीचं हिंदू हायस्कूल आणि पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज, अशी एकेका इयत्तेसाठी वाट लांबत गेली. १९२० साली पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला जायचं ठरलं तेव्हा वडील शामराव यांनी शेती गहाण ठेवून पैसे उभे केले, असं त्यांच्या चरित्रांतून सांगितलं जातं. कोरडवाहू मुलखातल्या शेतकऱ्याने वावर गहाण टाकणं म्हणजे काय, हे वऱ्हाडात समजावून सांगावं लागत नाही. पाऊस एक वर्ष रुसला तर ते वावर परत येत नाही.

पैसा जेमतेम होता. पंजाबरावांनी एडिंबरा विद्यापीठात व्हान्स डनलॉप शिष्यवृत्ती मिळवली आणि तिच्या आधारावर तग धरला. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेतली, बॅरिस्टर झाले आणि १९२६ मध्ये अमरावतीला परतले. हा प्रबंध पुढे १९३३ साली ऑक्सफर्डनेच ग्रंथरूपात छापला.

परतल्यावर त्यांनी काय केलं, त्यावरून त्या गहाण वावराचा हिशेब मांडायला हवा. अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, म्हणजे खेड्यातल्या मुलाला शहरात शिकायला राहायची सोय झाली. स्वतः चांदूर-कारंजा-अमरावती असे ठिकाण बदलत शिकलेल्या माणसाला शिक्षणाचा मोठा खर्च राहण्या-जेवण्याचाच असतो हे पक्कं ठाऊक होतं. १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली आणि तिच्या शाळा-महाविद्यालयांचं जाळं विदर्भभर पसरलं. १९३० ते १९३३ या काळात मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी कर्जलवाद कायद्याचा पाठपुरावा केला. सावकार आणि कुळ यांना लवादासमोर बसवून कर्ज तोडीला आणायचं, ही त्यामागची कल्पना. बापाचं वावर ज्याच्या शिक्षणासाठी गहाण पडलं होतं, त्याच मुलाने शेतकऱ्याची जमीन कर्जातून सोडवण्याचा कायदा हाती घ्यावा, ही या सगळ्या हकिकतीतली सर्वांत बोलकी गोष्ट आहे.

दुसरं घर डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचं, म्हणजेच पुढे गाडगे बाबा झालेल्यांचं. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावात जन्मलेल्या डेबूजीचं बालपण गेलं मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाच्या घरी. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली. ती का गेली, कोणत्या कागदावर गेली, हे घरात कोणालाच वाचता येत नव्हतं. अंगठा उठवला की वावर जातं, हे पोराने उघड्या डोळ्यांनी पाहिलं. १९०५ मध्ये घर सोडून फिरू लागलेले गाडगे बाबा पुढची पन्नास वर्षं कीर्तनातून जे सांगत राहिले, त्याचं मूळ या जमिनीत आहे.

त्यांचं सांगणं फार रोखठोक होतं. वेळ आली तर जेवायचं ताट विका, भाकरी हातावर घेऊन खा, कपड्यालत्त्यात आणि पाहुणचारात काटकसर करा, पण लेकराला शाळेत घातल्यावाचून राहू नका, असा त्याचा आशय. आणि त्याच्या जोडीला दुसरा धागा: सण, लग्न, तेरवी, कशासाठीही कर्ज काढू नका. समोर बसलेला श्रोता शेतकरी, धोबी, मजूर. त्याच्या मिळकतीत कुठून काय वाचू शकतं, याचा तो पैशापैशाचा विचार होता. वऱ्हाडी बोलीत, प्रश्न विचारत, श्रोत्यांकडूनच उत्तर वदवून घेत तो मांडला जाई.

बाबा प्रवासाच्या विरोधात होते, असं मात्र कोणी समजू नये. ते स्वतः जन्मभर फिरले. पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, कारण गरिबाने घराबाहेर पडावं आणि बाहेर पडल्यावर त्याची लूट होऊ नये, हेही त्यांना हवं होतं. यातली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. यात्रेकरूंच्या मुक्कामाची इमारत शिक्षणाच्या कामी लागली. प्रवास आणि शाळा एका तराजूत घालून कोणतं पारडं जड मानायचं, याचं इतकं सरळ उत्तर दुसरं सापडणार नाही.

खुद्द आंबेडकरांनी तिसरी वाट दाखवली होती. बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात महिना ४५० रुपयांची प्राध्यापकी मिळाली. घर मात्र परळच्या चाळीतच राहिलं आणि पगारातून पैसे बाजूला पडत राहिले. त्यात कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज मिळवून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. पंजाबराव निघाले तेही याच वर्षी. एकाच्या गाठीशी गहाण वावर, दुसऱ्याच्या गाठीशी दोन वर्षांची बचत.

आता आजच्या घरातला हिशेब पाहू. समजा, चौघांच्या पाच-सहा दिवसांच्या परदेशी सहलीला सगळं मिळून अडीच लाख रुपये लागले. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे ही सहल साधारण एकतीस क्विंटल कापसाची झाली. कोरडवाहू एकरी चार-पाच क्विंटल धरले तर सहा-सात एकरांचं सगळं पीक, आणि तेही बियाणं, फवारणी, वेचणीची मजुरी वजा न करता. हेच अडीच लाख सात टक्के व्याजाने दहा वर्षं पडून राहिले तर पाच लाखांच्या जवळ जातात. पगारदार घराला कापसाचं हे माप लागू नाही, पण त्याने आपल्या पगाराचे महिने मोजून पाहावेत.

बचतीची साधनं गावातल्या टपाल कार्यालयातही आहेत. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या सुकन्या समृद्धी योजनेत मुलगी दहा वर्षांची होण्याआधी तिच्या नावाने खातं उघडता येतं. वर्षाला किमान अडीचशे, कमाल दीड लाख रुपये भरता येतात. पंधरा वर्षं भरणा आणि खातं उघडल्यापासून एकविसाव्या वर्षी मुदतपूर्ती, असा त्याचा आराखडा. मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी उत्तीर्ण झाली की शिक्षणासाठी शिलकेच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. तीन वर्षांच्या मुलीसाठी दरमहा चार हजार रुपये भरले आणि २०२४ पासूनचा ८.२ टक्के दर तसाच राहिला असं धरलं, तर ती अठरा वर्षांची होईपर्यंत खात्यात पावणेचौदा लाखांच्या आसपास जमतात. त्यात आईबापाने प्रत्यक्ष भरलेले असतात सात लाख वीस हजार. दर तिमाहीला सरकार व्याजदर ठरवतं, त्यामुळे आकडा थोडा वरखाली होईल. भिशीत आणि बँकेच्या बचत खात्यात पडून राहणाऱ्या पैशापेक्षा तो नक्कीच बरा.

कर्जाचा मुद्दा आला की फरक आणखी स्पष्ट होतो. सहलही आता हप्त्यावर मिळते, पण ते वैयक्तिक कर्ज असतं. सहलीचे फोटो फोनमध्ये जुने होतात तरी हप्ते चालू राहतात. शैक्षणिक कर्जाची घडण वेगळी आहे. साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने हप्ता सुरू होतो आणि जुन्या करप्रणालीत त्याच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. सरकारनेही या दोन खर्चांत भेद केला आहे. ऑक्टोबर २०२३ पासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर सात लाखांच्या पुढे २० टक्के रक्कम आगाऊ कर म्हणून कापली जाऊ लागली, तेव्हा कर्ज काढून परदेशी शिकणाऱ्यासाठी हाच दर अर्धा टक्का होता. एप्रिल २०२५ पासून मान्यताप्राप्त संस्थेकडून कर्ज घेतलेल्या विद्यार्थ्यावरची ही कपात पूर्ण काढून टाकण्यात आली. शामराव देशमुखांनी काढलेलं कर्ज आणि हप्त्यावरची सहल, या दोन्हींना कर्ज हा एकच शब्द वापरतात म्हणून ती एक ठरत नाहीत. कर्ज काढायचंच असेल तर ते शिकण्यासाठी काढावं. पाहण्यासाठी जायचं तर साठवून जावं आणि शाळेचा वाटा बाजूला काढल्यानंतर जावं.

आणि परदेशी शिक्षण म्हणजे कोटीच्या घरातला खर्च, हेही सरसकट खरं नाही. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. मात्र राहण्या-जेवण्याच्या खर्चाची हमी म्हणून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे सुमारे बारा लाख रुपये, खात्यात दाखवावे लागतात. पुन्हा तोच श्रद्धानंद छात्रालयाचा धडा, की राहण्याचा खर्च शिकवणीहून मोठा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्यात वर्षाला ७५ जागा. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा. परदेश दूरच, नुसतं जिल्ह्याच्या गावी शिकायला राहणाऱ्या शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या मुलासाठी राज्य सरकारची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, आणि तिला नाव पंजाबरावांचंच आहे. या योजनांची माहिती नववी-दहावीतच घरात पोहोचली पाहिजे. बारावीनंतर ती कळते तेव्हा कागदपत्रांची मुदत संपलेली असते, ही वऱ्हाडातली खरी हळहळ आहे.

प्रवासाने जे मिळतं ते वहीत मिळत नाही, हेही अमरावतीनेच दाखवलं आहे. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेलं आणि तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. पुढे १९४९ मध्ये स्टॉकहोमच्या लिंगियाड मेळाव्यातही मंडळाचे खेळाडू दिसले. ही मुलं काही पाहायला गेली, तशीच काही दाखवायलाही गेली. शाळांनी अशा निमित्ताने मुलांना परदेश दाखवला तर पालकांना सहल आणि शिक्षण असे दोन वेगळे खर्च मांडावे लागणार नाहीत.

केंद्रात कृषिमंत्री झाल्यावर पंजाबरावांनी उलट दिशेचा एक प्रयोग केला. १९५५ मध्ये भारत कृषक समाज स्थापन केला आणि डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी मेळा भरवला. अनेक देशांनी दालनं उभारली, अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर स्वतः आले. पासपोर्ट नसलेल्या भारतीय शेतकऱ्याला परदेशातली अवजारं आणि वाणं पाहायला दिल्लीपर्यंतच जावं लागलं. १९६९ मध्ये अकोल्यात त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ सुरू झालं. तिथे शिवार फेरी भरते तेव्हा गावोगावचे शेतकरी एसटीने, खाजगी गाड्यांनी येतात आणि वाफ्यावाफ्यापाशी थांबून नव्या वाणांची माहिती विचारतात. त्यांच्यासोबत बरेचदा शाळेतली मुलंही असतात, आणि पाट्यांवरची वाणांची नावं मोठ्याने वाचून दाखवायचं काम तीच करतात.