नागासाकीची टेकडी आणि वसईचा दुभाषी

1597 सालच्या प्रारंभी गोदाकाठी सोनपेठच्या परिसरात, म्हणजे आजच्या बीड जिल्ह्याच्या सीमेलगत, अब्दुर्रहीम खानखानानची मोगल फौज आणि सुहैलखानाचे दख्खनी सैन्य यांची तुंबळ लढाई झाली. आणि त्याच सुमारास, 5 फेब्रुवारीस, जपानातील नागासाकी बंदरालगतच्या टेकडीवर सव्वीस ख्रिस्ती इसमांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांतील एक, गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला होता. पोर्तुगीज पिता व स्थानिक माता यांचा हा पुत्र जेझुइटांच्या पाठशाळेत शिकला, पूर्वेकडे जाऊन व्यापारात स्थिरावला, मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात शिरला आणि 1593 मध्ये पेद्रो बाउतिस्ता यांच्या वकिलातीबरोबर दुभाषी म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारी रुजू झाला. त्याच हिदेयोशीच्या हुकुमाने त्याचा कान कापला गेला आणि भर हिवाळ्यात क्योतोहून नागासाकीपर्यंत त्याची धिंड निघाली.

पुढे 1627 साली पोप आठवा अर्बन याने फ्रान्सिस्कन गटातील तेवीस हुतात्म्यांना धन्य घोषित केले, आणि लोरेन प्रांतातील नांसीचा झाक कालो याने त्या सुमारास त्यांचे चित्र ताम्रपटावर कोरले. प्रबोधनकाळ तेव्हा सरत आला होता. पण हातात मावेल अशा छापील कागदावरून संत घरोघर पोहोचविण्याची त्या काळाने घातलेली वहिवाट चालू होती. कालोची हातोटी विलक्षण: वाद्ये बनविणारे कारागीर वापरीत ते कठीण रोगण पत्र्यावर चढवून, तिरप्या टोकाच्या सळईने रेघ कधी केसासारखी तर कधी फुगीर ओढावयाची, आणि मग पत्रा तेजाबाच्या स्वाधीन करावयाचा, दूरच्या रेघा लवकर झाकून टाकल्या की त्या फिक्या छापल्या जात व जवळच्या गडद उतरत. जपान त्याने पाहिला नव्हता, वसई तर नाहीच. क्रुसांच्या त्या गर्दीत गोन्सालो कोणता हे चेहऱ्यावरून ठरविण्याची सोय नाही, आणि माझ्या मते तो चित्रकाराचा दोषही नाही. मराठवाड्यातील वेशीवरच्या वीरगळावर तरी पडलेल्या वीराची मुद्रा कोठे असते? तेथे झुंज, अप्सरांसह स्वर्गारोहण आणि शिवलिंगाची पूजा, एवढीच त्याची ओळख पुरी समजली जाते.

मात्र हा कागद निव्वळ भक्तीचा मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्याच टेकडीवर मेलेले तिघे जेझुइट त्यात नाहीत, कारण त्यांची सनद वेगळी निघाली. दोन्ही संघांत जपानातील अधिकारावरून जुना तंटा होता आणि हुतात्म्यांची वाटणीही त्या हिशेबाने झाली. 8 जून 1862 रोजी नवव्या पायसने सव्वीसही जणांना एकत्र संतपद बहाल केले. तोवर चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई सर केल्याला सव्वाशे वर्षे होत आली होती.