वस्तरा हाती घेण्यापूर्वी

रत्नागिरी : घरीच वस्तऱ्याने दाढी करू पाहणाऱ्या नवशिक्याने धारेपेक्षा बोथटपणाची भीती अधिक बाळगावी. धारदार पाते केस अलगद कापते. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि तिथेच जखम होते.

केस कोमट पाण्याने मऊ करावेत. फेस लावून त्वचा ताणावी आणि पाते सुमारे ३० अंशांत धरून केसांच्या दिशेने उतरवावे. आडवे कधीही सरकवू नये. आरंभ गालांपासून करावा. हनुवटी व गळा सरावानंतर.

रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत पोलादी पाते लवकर गंजते आणि धार जाते. म्हणून ते कोरडे पुसून तेलाचा हलका हात द्यावा.

वस्तरा दुसऱ्यास मात्र देऊ नये. रक्तातून ‘ब’ प्रकारची कावीळ व एचआयव्हीचा संसर्ग संभवतो. सलूनमध्येही नव्या ब्लेडचाच आग्रह धरावा.