‘दृश्यम’ची चौघं आणि एक आई

आज ‘दृश्यम’. मूळ सिनेमा जीतू जोसेफचा, मल्याळम, २०१३चा. पण मी बोलणार आहे २०१५च्या हिंदीबद्दल, निशिकांत कामतनं केलेल्या. शेवट सांगणार आहे, त्यामुळे पाहिला नसेल तर इथंच पॉज करा.

थिएटरमध्ये मी टाळ्या वाजवल्या होत्या. गोव्यातला चौथी नापास केबलवाला विजय साळगावकर अख्ख्या पोलीस खात्याला गंडवतो. दोन ऑक्टोबर, पणजी, सत्संग, पावभाजी. पाठ आहे ना सगळं? परवा घरी आईसोबत पुन्हा पाहिला. शेवटाला ती एवढंच म्हणाली, “अरे, त्या बाईला तिचा मुलगा कुठंय हे कळणारच नाही का?”

ती बाई म्हणजे मीरा देशमुख. तब्बूनं केलेली आयजी. तिच्या मुलानं अंजूचा चोरून व्हिडिओ काढला, तिला धमकावलं, मग तिच्या आईवरही नजर टाकली. त्या झटापटीत अंजूच्या हातून तो गेला.

आता कायदा बघा. बलात्काराच्या हेतूनं हल्ला झाला, तर स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवताना जीव घेतला गेला तरी तो बचाव मानता येतो. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम १००. म्हणजे अंजूला कदाचित कोर्टात सुटकेची वाट होती. पण प्रेत पुरणं, पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा, कलम २०१. तो विजयनं केला आणि पोरींनाही गप्प बसायला शिकवलं.

मग तो पोलिसांकडे का गेला नाही? अहो, जायचं कुणाकडे? मेलेल्या मुलाची आईच आयजी! आणि पुढं गायतोंडे छोट्या अनूला कसा मारतो ते पाहिलंत ना. तो सीन मला आजही बघवत नाही. तिथं विजयची भीती खरी वाटते. माझा राग मात्र त्या सीननंतर इतका वाढला, की देशमुख नवरा-बायकोचं दुःख मला दिसेनासं झालं. दिग्दर्शकानं आपल्याला बरोबर तिथं नेऊन ठेवलंय.

शेवटी ते दोघं विजयला भेटतात. मीरा तेव्हा नोकरी सोडलेली, नुसती आई. विजय माफी मागतो, अर्धवट काहीतरी कबूल करतो, पण जागा सांगत नाही. ती फक्त आपल्याला कळते: नव्या पोलीस ठाण्याच्या जमिनीखाली.

निदान प्रेत तरी द्यायला हवं होतं, असं मला आता वाटतं. पण दिलं असतं, तर अंजू आत.

आईला विचारलं, “तू असतीस तर?”

“तुझ्यासाठी गप्प बसले असते,” म्हणाली आणि गॅस बंद करायला उठली.

तुम्ही काय केलं असतं? व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो.