सागराचा मूक टेहळ्या

पूर्वीच्या काळी प्रत्येक गडावर टेहळणीचा बुरूज असे. त्यावर उभा असलेला पहारेकरी दूरवर दृष्टी टाकी आणि शत्रू येताना दिसताच इशारा देई. आजही जमिनीवर व आकाशात पहाऱ्याचे एक महत्त्वाचे साधन दृष्टी हे आहे. दुर्बीण, विमान आणि उपग्रह ही मानवाच्या दृष्टीचीच वाढलेली रूपे होत.

सागराच्या पोटात मात्र ही दृष्टी पांगळी ठरते. सूर्यप्रकाश पाण्यात शिरतो खरा. परंतु दोनशे मीटर खोलीच्या खाली तो जवळजवळ नाहीसा होतो. बिनतारी संदेशाच्या लहरीही खाऱ्या पाण्यात फार खोल जात नाहीत. म्हणूनच पाणबुडीला समुद्रात लपून राहता येते. तिचा माग काढण्याचे मुख्य साधन एकच. ते म्हणजे ध्वनी.

पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो. हवेतील त्याच्या वेगाच्या चौपटीहून हा वेग अधिक आहे. परंतु समुद्रात ध्वनी नेहमी सरळ रेषेत जात नाही. पाण्याची उष्णता, खारटपणा आणि दाब यांप्रमाणे त्याचा वेग कमीअधिक होतो आणि जिकडे वेग कमी, तिकडे तो वळतो. त्यामुळे समुद्रात काही जागा अशा असतात की, तेथे दुरून आलेला ध्वनी फारसा पोहोचतच नाही. झाडाआड जशी उन्हाची सावली, तशी ही ध्वनीची सावली होय! चतुर पाणबुडी नेमकी तेथे दडून बसते. तेव्हा समुद्राचे पाणी कोठे किती उष्ण व किती खारे आहे, ही साधी वाटणारी माहिती नौदलाच्या दृष्टीने गडाच्या चोरवाटांच्या नकाशाइतकीच मोलाची असते.

ही माहिती जहाजे पाठवून मिळवावयाची, तर खर्च फार आणि गुप्तताही राहत नाही. या अडचणीतून वाट काढणाऱ्या साधनांपैकी एक म्हणजे सागरी ग्लायडर. मनुष्यावाचून चालणारे हे यंत्र सुमारे दीड-दोन मीटर लांब असते. त्याचा आकार नळकांड्यासारखा असून दोन्ही बाजूंस आखूड पंख असतात. त्याला पुढे ढकलणारा फिरता पंखा नसतो; म्हणून त्याचा आवाजही जवळजवळ होत नाही.

मग ते चालते तरी कसे? यंत्राच्या पोटातील तेल बाहेरच्या रबरी पिशवीत ढकलले की त्याचे आकारमान वाढते. वजन मात्र तेवढेच राहते. त्यामुळे ते अधिक पाणी बाजूस सारते व वर येऊ लागते. तेल परत आत घेतले की ते बुडू लागते. आर्किमिडीजचा सिद्धान्त तो हाच. आता पंखांचे कार्य पाहा. पाण्याने भरलेल्या हौदात ताटली किंचित कलती सोडली, तर ती सरळ तळाशी न जाता तिरपी घसरत जाते. ग्लायडरही पंखांमुळे असाच तिरपा घसरत पुढे सरकतो. आतील विद्युत्घट पुढेमागे सरकवून त्याचे नाक खाली किंवा वर केले जाते. अशा रीतीने करवतीच्या दातांसारखी खालीवर वाट आक्रमीत तो पाण्याची मोजमापे घेतो. ठरलेल्या वेळी पृष्ठभागावर येऊन तो आपली टिपणे उपग्रहामार्फत धाडतो, नवी आज्ञा घेतो आणि पुन्हा बुडी मारतो. त्याचा वेग ताशी सुमारे एक किलोमीटर, म्हणजे चालणाऱ्या मुलाहूनही मंद. परंतु तो कित्येक महिने अखंड चालत राहतो.

अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी १९८९ साली एका कल्पनारम्य लेखात अशा यंत्रांचे चित्र रंगविले होते. त्यांचे सहकारी डग्लस वेब यांनी ते यंत्र पुढे प्रत्यक्षात आणले. छोट्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून १८९८ साली परतलेल्या जोशुआ स्लोकम या धाडसी खलाशाचे नाव त्याला देण्यात आले. २००९ साली रटगर्स विद्यापीठाच्या ‘स्कार्लेट नाइट’ या ग्लायडरने अमेरिकेहून स्पेनपर्यंत अटलांटिक महासागर ओलांडला. सुमारे ७,४०० किलोमीटरच्या त्या प्रवासास २२१ दिवस लागले.

ज्या यंत्राचे विद्यापीठात असे कौतुक झाले, त्याच जातीच्या यंत्रावरून पुढे राष्ट्रांत वाद उद्भवला. १५ डिसेंबर २०१६ रोजी फिलिपिन्सच्या सुबिक उपसागराजवळ एक अमेरिकन पाहणी जहाज आपला ग्लायडर पाण्यातून काढून घेत असता, चिनी नौदलाने तो उचलून नेला. तो उष्णता व खारटपणा यांसारख्या गोष्टी मोजतो, असे अमेरिकेने सांगितले. तर जहाजांना अपाय होऊ नये म्हणून अनोळखी वस्तू उचलली, असे चीन म्हणाला. पाच दिवसांनी ग्लायडर परत करण्यात आला. डिसेंबर २०२० मध्ये इंडोनेशियाच्या सेलायार बेटांजवळ एका कोळ्याला २२५ सेंटीमीटर लांबीचे, पंख असलेले असेच एक यंत्र सापडले. त्यावर कोणत्याही देशाचे नाव नव्हते! आपल्या घरच्या समुद्रात कोण फिरून गेले, हा प्रश्न तेथील लोकांना पडला, यात नवल नाही.

१९८२ च्या सागरी कायद्याप्रमाणे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या आत दुसऱ्या देशास शास्त्रीय संशोधन करावयाचे असेल, तर किनाऱ्याच्या देशाची संमती घ्यावी लागते. परंतु नौदलाने केलेली पाहणी हे संशोधन होय काय, याविषयी राष्ट्रांत अद्याप एकमत नाही.

मुलांनो, उष्णतामापकाला शत्रू-मित्र ठाऊक नसतो. समुद्राच्या उष्णतेचे जे आकडे पाणबुडी शोधण्यास उपयोगी पडतात, तेच आकडे चक्रीवादळाचे बळ आधी ओळखून कोळ्यांचे व किनाऱ्यावरील गावांचे प्राण वाचविण्यासही साहाय्य करतात. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही ‘माया’ नावाचे स्वयंचलित जलयान पाण्याच्या अभ्यासासाठीच तयार केले. आकडे तेच असतात. फरक पडतो तो एवढाच की, ते कोणाच्या संमतीने घेतले आणि कोणाला सांगितले. दाराशी येऊन विचारणारा तो अतिथी आणि न विचारता आत शिरणारा तो हेर, हा घराचा नियम समुद्रालाही लागू आहे. तो कसा पाळावा, हे मात्र यंत्र सांगू शकत नाही. ते माणसांनीच ठरवावे लागते.