मुंबई ते हर्णे: तीच सहा-सात तासांची वाट

मुंबईहून हर्णे समुद्रमार्गे सुमारे 70 सागरी मैल, म्हणजे 130 किलोमीटरच्या आसपास. रस्त्याने हेच अंतर सव्वादोनशेच्या घरात जातं. कोकणाच्या प्रवासाची दीडशे वर्षांची कथा या दोन आकड्यांत आहे.

पावसाळ्यात समुद्र बंद झाला की पायांशिवाय गती नसे. हर्णेच्या शेजारच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे 1875 मध्ये सरकारी परीक्षेसाठी कुंभार्ली घाटाने चालत साताऱ्याला गेले. वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही, तसेच परतले. तो प्रसंग आठवला की आजही जीव हळहळतो.

पावसाळा ओसरला की आगबोटी सुरू व्हायच्या. लोकांच्या तोंडी दोन नावं असत, शेफर्ड कंपनी आणि स्वदेशीच्या भरातली ‘माझी आगबोट’ कंपनी. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट हर्णे, दाभोळ, जयगड करत रत्नागिरीकडे आणि पुढे जाई. तासाला दहा-बारा सागरी मैलांच्या वेगाने हर्णे सहा-सात तासांत येई. बोट मात्र धक्क्याला लागत नसे, सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या आसपास खोल पाण्यात नांगर टाकी. किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे होड्या, येत. लाटेबरोबर पडाव वर आला की त्या क्षणी उडी घ्यायची. पोरं, ट्रंका, वळकट्या हातोहात खाली जात. शेवटची काही पावलं गुडघाभर पाण्यातून, नाहीतर खांदेकऱ्याच्या खांद्यावरून. म्हाताऱ्या बायका देवाचं नाव घेत उतरायच्या, आणि त्यांना सांभाळून किनाऱ्याला लावणारे ते दर्यावर्दी हात आपण फार लवकर विसरलो. हर्णेच्या मासळी-लिलावाला आजही होड्या तशाच पाण्यात उभ्या राहतात आणि मासळी आणायला बैलगाड्या समुद्रात शिरतात.

1980 च्या दशकात बोटी बंद पडल्या. तोवर एसटी गावोगाव पोचली होती, आंबेतचा पूल सावित्रीवर उभा राहिला होता. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण हर्णेकरांना ती खेडला भेटते. तिथून दापोली धरून पुढचे 45 किलोमीटर रस्त्यानेच. कशेडीचा बोगदाही झाला. तरी मुंबईहून गाडीने हर्णे गाठायला सहा-सात तास धरावेच लागतात. एवढे पूल, घाट, बोगदे झाले आणि वेळ आगबोटीइतकाच राहिला, याची मला खंत वाटते. सरळ वाट होती, तीच आपण सोडली.

2025 मध्ये मुंबई ते विजयदुर्ग अशा, वाहनांसह प्रवासी नेणाऱ्या रो-रो बोटीची घोषणा झाली. मधला थांबा जयगड, हर्णेचं नाव नाही. हर्णेचा प्रवासी जयगडला उतरला, तर तवसाळच्या फेरीने शास्त्रीची खाडी, मग धोपाव्याहून दाभोळची खाडी ओलांडून त्याला पुन्हा उत्तरेकडे यावं लागेल.