यहुदीद्वेष : आक्षेपांचे स्वरूप व महाराष्ट्राचा दाखला

यहुदीद्वेष या एकाच शब्दाने दोन भिन्न प्रवृत्तींचा निर्देश केला जातो. मध्ययुगीन यूरोपातील द्वेष धर्ममूलक होता. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष समस्त यहुद्यांच्या माथी मारण्यात आला. ख्रिस्ती बालकांच्या हत्येचे कुभांड त्यांच्यावर रचले गेले. १३४८-४९ च्या प्लेगात त्यांनीच विहिरींत विष कालवले, अशी आवई उठली. तथापि धर्मांतर करणाऱ्यास सुटकेची वाट निदान तत्त्वतः तरी मोकळी असे. आधुनिक द्वेषाने ही वाट बंद केली. १८७९ मध्ये जर्मनीत विल्हेल्म मार याने ‘अँटिसेमिटिझम’ ही संज्ञा प्रचारात आणली, आणि दोषाचे अधिष्ठान श्रद्धेवरून वंशावर आले. १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी आजोबा-आजींच्या धर्मावरून नातवंडांचा वंश ठरविला. याच विचारसरणीच्या राजवटीने पुढे सुमारे साठ लक्ष यहुद्यांचा संहार केला.

आधुनिक आक्षेपांत तीन प्रमुख होत. यहुदी हा स्वभावतःच धनलोभी, हा पहिला. वस्तुतः यूरोपात यहुद्यांना जमिनीची मालकी व कारागिरांचे संघ बहुधा वर्ज्य होते, आणि व्याजबट्ट्याचा धंदा चर्चने ख्रिस्ती लोकांस निषिद्ध मानला होता. तेव्हा निर्बंधांचा जो परिणाम तोच स्वभाव म्हणून पुढे करण्यात आला. यहुदी जगावर सत्ता गाजविण्याचे कारस्थान करतात, हा दुसरा. त्याचा आधार म्हणून दाखविण्यात येणारे ‘प्रोटोकॉल्स’ १९०३ मध्ये रशियात प्रसिद्ध झाले. त्यांतील बराच मजकूर मॉरिस जोली याच्या १८६४ मधील एका राजकीय संवादावरून उचललेला आहे, हे लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ मध्ये सप्रमाण दाखविले. यहुद्यांची राष्ट्रनिष्ठा संशयास्पद, हा तिसरा. फ्रान्समध्ये १८९४ साली कॅप्टन ड्रेफस यास याच संशयाने ग्रासले. तो निर्दोष ठरण्यास १९०६ साल उजाडले. विशेष हे की एकाच समाजास भांडवलशहा व साम्यवादी, अलिप्त व सर्वत्र शिरकाव करणारा, अशी परस्परविरुद्ध दूषणे एकाच वेळी देण्यात आली. विरोधी पुराव्याने असे आक्षेप ढळत नाहीत, कारण मुळात ते पुराव्यावर उभे नसतात.

हे आक्षेप यहुदी धर्मातून वा स्वभावातून निपजत असते, तर जेथे जेथे यहुदी राहिले तेथे ते निपजावयास हवे होते. या दृष्टीने कोकणातील बेने इस्राएल समाजाचा दाखला मोलाचा आहे. आपले पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यास लागले, अशी या समाजाची परंपरा सांगते. घाण्यावर तेल गाळणे हा त्यांचा व्यवसाय. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर अशी त्यांची आडनावे गावांवरून पडली. कंपनीच्या फौजेतील सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत प्रार्थनामंदिर बांधले. एकोणिसाव्या शतकात बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तने रचली गेली. १९४८ नंतर यांपैकी बहुसंख्य लोक इस्राएलमध्ये गेले, ते येथील छळामुळे नव्हे.

मात्र यावरून स्वसमाजाच्या सहिष्णुतेची प्रशस्ती करणे घाईचे ठरेल. जातिव्यवस्थेत प्रत्येक समूहाचे वेगळेपण गृहीतच धरलेले होते. त्या व्यवस्थेने या समाजास जागा दिली, ती समतेची नव्हे, एका तेली जातीची. येथे ख्रिस्तहत्येचा सिद्धान्त नव्हता आणि सावकारी हा यहुद्यांचा धंदाही नव्हता. आक्षेपांस आवश्यक ती भूमीच नव्हती, एवढाच निष्कर्ष यातून निघतो. जे येथे उपजले नाही ते विसाव्या शतकात मुद्रित शब्दांच्या वाटेने आले.

या संदर्भात विदर्भातील दोन लेखनांची तुलना उद्बोधक आहे. नोव्हेंबर १९३८ मध्ये वर्ध्याजवळील सेगाव (पुढचे सेवाग्राम) येथून महात्मा गांधींनी ‘हरिजन’साठी यहुद्यांवर लेख लिहिला. ख्रिस्ती समाजाने यहुद्यांस दिलेली वागणूक त्यांनी अस्पृश्यतेच्या जोडीस ठेवली व आपली सहानुभूती यहुद्यांकडे असल्याचे सांगितले. परंतु पॅलेस्टाइनवरील त्यांचा दावा मान्य केला नाही. जर्मनीतील यहुद्यांस त्यांनी दिलेला सत्याग्रहाचा सल्ला तेथील राजवटीचे स्वरूप न ओळखणारा आहे, असे उत्तर मार्टिन बूबर यांनी १९३९ मध्ये दिले. त्याच वर्षी नागपुरात मा. स. गोळवलकर यांचे ‘वुई ऑर अवर नेशनहुड डिफाइन्ड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात यहुद्यांच्या पॅलेस्टाइनमधील राष्ट्रउभारणीविषयी अनुकूलता आहे. पण जर्मनीने यहुद्यांचे केलेले उच्चाटन हे वंशाभिमानाचे उदाहरण आणि हिंदुस्थानास घेण्याजोगा धडा म्हणूनही मांडले आहे. पुढे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने या पुस्तकापासून स्वतःस अलग केले.

या तुलनेतून एक महत्त्वाचा भेद हाती येतो. एका लेखकाचा यहुद्यांच्या पॅलेस्टाइनवरील दाव्यास विरोध होता, तरी छळ त्याने निषिद्ध ठरविला. दुसऱ्याची त्या दाव्यास अनुकूलता होती, तरी उच्चाटनात त्यास धडा दिसला. सारांश, पॅलेस्टाइनविषयीचे मत हे यहुदीद्वेषाचे माप नव्हे. इस्राएल राज्याच्या धोरणावरील टीका, ती कितीही कठोर असली तरी, इतर कोणत्याही राज्यावरील टीकेप्रमाणे गुणावगुणांवर तपासली पाहिजे. तीच टीका जेव्हा एखाद्या व्यक्तीस केवळ तिच्या जन्मामुळे जबाबदार धरते, तेव्हा तिचे द्वेषात रूपांतर होते. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत कुलाब्याच्या छाबड हाउसमधील माणसांची हत्या झाली, ती याच रूपांतराचे भीषण टोक होय.

म्हणून समूहाविषयीचा कोणताही आक्षेप समोर आला असता अभ्यासकाने दोन प्रश्न विचारणे इष्ट : दोष कृतीचा आहे की जन्माचा, आणि कोणता पुरावा मिळाल्यास तो आक्षेप मागे घेतला जाईल? दुसऱ्या प्रश्नास उत्तर नसेल, तर तो आक्षेप ज्या समूहाविषयी केला जातो त्यापेक्षा तो करणाऱ्याविषयीच अधिक सांगतो. आणि ही कसोटी केवळ यहुद्यांपुरती नाही.